आखूड किलोमीटर

मंगळवार, १७ फेब्रुवारी

दादा,

आधी काय घडलं ते क्रमाने लिहिते. तुला माहीत असलेलंही लिहिते आहे, कारण हीच यादी पुढे अर्जाला जोडावी लागेल आणि ती वाचणारा माणूस आपला कुणी नसेल.

१. शाखा लाइनीवर कि.मी. ४१ आणि कि.मी. ४२ या दोन दगडांमधलं अंतर एक हजार मीटर नाही, आठशे वीस मीटर आहे. चाळीस वर्षांपूर्वी तळ्याकाठचं वळण काढून लाइन सरळ केली, तेव्हा ती १८० मीटरने कमी झाली. पुढचे सगळे दगड उपटून नव्याने लावण्यापेक्षा हा एकच किलोमीटर आखूड ठेवला.

२. असा किलोमीटर असला की पट्टी-नकाशावर तिथे शेरा असतो. (पट्टी-नकाशा म्हणजे लाइनीचा लांबलचक नकाशा. वळणं, चढउतार, मोऱ्या, फाटकं असं सगळं किलोमीटरवार दाखवणारा.) जुन्या कापडी नकाशावर हा शेरा होता.

३. सात वर्षांपूर्वी जुन्या नकाशांच्या नव्या प्रती काढल्या. नव्या प्रतीत हा शेरा उतरला नाही.

४. सहा वर्षांपूर्वी, ९ ऑक्टोबरला, ४१ च्या दगडापासून ७०० मीटरवर असलेल्या मोरीपाशी रूळ उचलण्याचं काम होतं. ४२ च्या बाजूने येणाऱ्या गाडीला वेग कमी करायला सांगणारी पाटी कामापासून आठशे मीटर आधी हवी. नकाशावरून ही जागा ४२ च्या दगडापलीकडे पाचशे मीटरवर येते. पाटी तिथेच लावली गेली.

५. प्रत्यक्षात पाटी ते मोरी हे अंतर ६२० मीटर होतं.

६. गाडी वेळेत आवरली नाही. गँगमधले चौघे बाजूला झाले. पाचवा, ज्याला सगळे गवई म्हणायचे, त्याचा पाय जॅक आणि रूळ यांच्यामध्ये अडकला होता. तो जागीच गेला.

७. चौकशीत रूळ-पर्यवेक्षकाने, म्हणजे तू, सांगितलंस की पाटी नजरअंदाजाने लावली. कामाआधी अंतर लिहून ठेवायची चिठ्ठी भरलीच नव्हती, असंही सांगितलंस. समितीने फीत धरून पाटीपासून मोरीपर्यंत मोजलं. दगडावरचा आकडा कुणी टिपून घेतला नाही. तुला बडतर्फ केलं.

८. गेल्या महिन्यात लाइन कायमची बंद झाली. जमिनीच्या नोंदी तपासताना जमीन-नकाशा आणि पट्टी-नकाशा यांच्यात १८० मीटरचा फरक आढळला.

यादी संपली.

तपासणीचं काम माझ्याकडे आहे. लाइन बंद झाल्यामुळे तिची जमीन सोडून द्यायची आहे, त्यामुळे कुठून कुठपर्यंत आपली हद्द होती ते शेवटचं एकदा जुळवून बघायचं. जमीन-नकाशे किलोमीटरच्या दगडांवर चालत नाहीत. ते हद्दीच्या एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत साखळीने मोजलेले असतात. त्यामुळे तळ्याकाठची सोडून दिलेली पट्टी त्यांत स्वच्छ दिसते, तारखेसकट.

फरक मी आमच्या हेड ड्राफ्ट्समनना दाखवला. तुला ते आठवत असतील. पाठ इतकी ताठ ठेवून बसतात की सगळे त्यांना काटकोन म्हणतात. ते म्हणाले, "गाडी बंद, स्टेशन बंद, आणि तुला आता लाइनीची लांबी कळली?"

"फरक आहे, सर."

"असू दे की. बंद लाइनीचा आखूड किलोमीटर कुणाच्या पायात येणार आहे? रकान्यात 'जुळते' लिही आणि पुढच्या पत्रकावर जा."

मी अजून लिहिलेलं नाही.

तपासणी झाली की पट्टी-नकाशे २८ मार्चला लगद्यासाठी जातील. त्याआधी फेरचौकशी मागता येते, पण ती ज्याला शिक्षा झाली त्यानेच मागायची असते. छापील अर्ज सोबत पाठवते आहे. खुणा केल्या आहेत तिथे दोन सह्या लागतील. ती चिठ्ठी तू खरोखर भरली नव्हतीस का, हेही कळव. भरली असशील आणि ठेवली असशील तर पाठव.

तुझा पत्ता तुझ्या जुन्या गँगच्या मुकादमांकडून फोनवर मिळाला. लाकडाच्या वखारीत आहेस म्हणाले.

आई बरी आहे. डाव्या कानाने आता जवळजवळ ऐकू येत नाही. मी हे फक्त नोंद बरोबर असावी म्हणून लिहिते आहे. दुसरा काही हेतू नाही.


गुरुवार, २६ फेब्रुवारी

दादा,

उत्तर आलं नाही. पत्र पोचलं आहे, हे मला पोस्टातून कळलं.

आधीच्या यादीतला तिसरा मुद्दा अपुरा आहे. तिथे मी लिहिलं की शेरा "उतरला नाही". शेरे आपले आपण उतरत नाहीत. ती प्रत मी काढली होती. पत्रक सात, कि.मी. ३६ ते ४४. माझी नोकरी लागून पाच महिने झाले होते.

तू ते पत्रक बघितलेलं आहेस, त्यामुळे हे तुला नवीन नाही. तरी कसं झालं ते लिहिते.

जुना नकाशा कापडावरचा होता. लाइन सरळ केली तेव्हा त्यांनी सगळा नकाशा पुन्हा काढला नव्हता. शेरा कागदाच्या एका पट्टीवर लिहून ती पट्टी खळीने वर चिकटवली होती. मी नकाशा उलगडला तेव्हा ४१ आणि ४२ च्या मध्ये पट्टी नव्हती. तिथे तपकिरी रंगाचा डाग होता. सहा सेंटिमीटर लांब, दोन रुंद, चारही कोपरे सरळ. पाण्याच्या डागाला कोपरे नसतात. मला ते त्याच वेळी जाणवलं होतं.

आमच्याकडे अशा गोष्टींसाठी एक शंकावही असते. जुन्या नकाशावर काही पुसलेलं, फाटलेलं, डागाळलेलं दिसलं की तिच्यात लिहायचं. मग कुणीतरी जमीन-नकाशा काढून बघतो, आणि ते होईपर्यंत पत्रक अडकून पडतं. माझ्याकडे अकरा पत्रकं होती. माझ्याआधीच्या माणसाला अशी अकरा करायला चार महिने लागले होते. मला ती दोन महिन्यांत करायची होती, आणि मी केली. काटकोनांनी सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "शिका जरा हिच्याकडून." तू त्या आठवड्यात घरी आला होतास. मी जेवताना ते दोनदा सांगितलं होतं.

शंकावहीत मी काहीही लिहिलं नाही. रेघ सरळ ओढली आणि सगळे किलोमीटर सारख्या लांबीचे काढले.

काल मुकादमांकडे गेले होते. आखूड किलोमीटर गँगला माहीत होता, असं त्यांचं लेखी म्हणणं हवं होतं. ते निवृत्त आहेत, लेकीकडे राहतात. वरच्या मजल्यावरची एकच खोली, खिडकीत सुतळीवर वाळत घातलेले पायमोजे.

"या. नकाशावाल्या बाई ना तुम्ही? त्या खुर्चीवर बसा. हलते, पण पाडत नाही कुणाला."

मी विचारलं की तो किलोमीटर आखूड असल्याचं गँगमध्ये कुणाकुणाला माहीत होतं.

"कुणाला नव्हतं ते विचारा. ज्याच्या वाट्याला तिथली गस्त यायची तो खूश. एकशे ऐंशी मीटर फुकटात! गवई तर म्हणायचा, सरकारने आयुष्यात एवढी एकच सूट दिली."

"मग दादाला कुणी सांगितलं नाही? तो तिथे नवीन होता."

मुकादम खिडकीकडे वळले. मग म्हणाले, "तुम्हाला त्यांनी काही सांगितलेलं दिसत नाही."

"आमचं बोलणं नाही."

"मी सांगितलं होतं, बाई. पाटी रोवायच्या आधी सांगितलं. म्हटलं, साहेब, अजून मागे घ्या, हा किलोमीटर आखूड आहे. त्यांनी पिशवीतून नकाशा काढला. बघितला. मग खाली कोपऱ्यात बोट ठेवून मला म्हणाले, 'हे कुणी काढलंय वाचा. आमची टाचणी आहे ही, माझी बहीण. अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाला तर हिला जेवण जात नाही.' गवई मागे पहार घेऊन उभा होता. तो म्हणाला, 'मग साहेब, किलोमीटरचंच चुकलं असणार!' आम्ही सगळे हसलो. साहेबसुद्धा. आणि रोवली पाटी."

मी विचारलं, अंतर पायी चालून मोजायचा नियम आहे ना.

"आहे की. रोज मोजायचे. त्या दिवशी नाही मोजलं."

"हे तुम्ही चौकशीत का नाही बोललात?"

"मला विचारलं, पाटी कुणी लावली. मी म्हटलं, साहेबांनी. पुढे कुणी विचारलंच नाही." मग त्यांनी पायमोजा खाली काढला, वाळलाय का बघितलं, परत घातला. "आणि आदल्या दिवशी साहेब घरी येऊन गेले होते. म्हणाले, मुकादम, नकाशाचं नाव काढू नका."

"तुम्ही का म्हणून विचारलं नाहीत?"

"मला तीन बहिणी आहेत, बाई."

लेखी म्हणणं न घेताच मी परत आले. कागद आणि पेन दोन्ही बरोबर होतं.

मला हे गेल्या महिन्यापर्यंत कळलं नव्हतं. कळलं असतं तर आधी लिहिलं असतं. अर्जावर सह्या करून पाठव. आईला यातलं अजून काही सांगितलेलं नाही. मी सारखी टपालाची पेटी का बघते, असं ती विचारते. काल म्हणाली, "तुम्ही दोघं एकमेकांशी बोलणार नाही, तर मध्ये मी काय तारखातं उघडू?"


गुरुवार, ५ मार्च

दादा,

तुझं पाकीट परवा आलं. आत चिठ्ठी होती. ९ ऑक्टोबर, काम रूळ उचलणे, "पत्रक ७ प्रमाणे", पाटीची जागा, खाली तुझी सही. पाकिटात दुसरं काही नव्हतं. मी दोनदा बघितलं. अर्ज तू परत पाठवलेला नाहीस.

चिठ्ठीच्या मागे पेन्सिलीने १२० + ५०० = ६२० असं लिहिलं आहे. खाली दोन रेघा. हा हिशोब तू त्याच दिवशी केलास. म्हणजे चौकशीच्या आधी अकरा दिवस तुला सगळं माहीत होतं, आणि ही चिठ्ठी चौकशीच्या वेळीही तुझ्याजवळ होती.

आता आठवा मुद्दा दुरुस्त करायला हवा. मागच्या पत्राच्या शेवटच्या परिच्छेदातलं पहिलं वाक्यही. "मला हे गेल्या महिन्यापर्यंत कळलं नव्हतं" असं मी लिहिलं ते मुकादमांच्या बोलण्याबद्दल खरं आहे. नकाशाबद्दल खरं नाही. मी वाक्य असं रचलं की दोन्हीबद्दल वाटावं.

मला चौकशीच्या दिवशीच कळलं होतं.

नकाशा-कार्यालयातर्फे पत्रक घेऊन मला पाठवलं होतं. तुला आठवत असेल, मी दाराजवळच्या खुर्चीवर होते. अध्यक्षांनी विचारलं, "हे पत्रक बरोबर आहे?" मी म्हटलं, "हो. मूळ प्रतीवरून तपासलेलं आहे." मग मोजणीचा कागद वाचला गेला. सहाशे वीस मीटर. आठशेतून सहाशे वीस गेले की किती उरतात, हे मी न ठरवताच मनात केलं. एकशे ऐंशी. आखूड असेल तर तो कुठला किलोमीटर असेल आणि तिथे काय होतं, हे कळायला मला त्यापुढे फार वेळ लागला नाही. तो डाग मला आकारासकट आठवत होता.

मग तुला उभं केलं. तू म्हणालास, नजरअंदाजाने लावली. एकदाही माझ्याकडे बघितलं नाहीस. मी त्याचा अर्थ असा लावला की तुला नकाशाचं माहीतच नाही, तू खरंच आळस केलास. हा अर्थ मला सोयीचा होता. तू कधीही नजरअंदाजाने काही केलेलं नाहीस, हे मला तेव्हाही माहीत होतं.

त्या संध्याकाळी कार्यालयात जाऊन मी जुना कापडी नकाशा बाहेर काढला. ज्या पत्र्याच्या नळीत तो असतो ती उलटी केली. सुटलेली पट्टी तळाशी होती. "कि.मी. ४१ ते ४२ आखूड, ८२० मी." जुन्या वळणाचं अक्षर, शाई तपकिरी पडलेली. मी ती वाचली आणि नळीत परत टाकली. फाडली नाही, पण बाहेरही ठेवली नाही. गेली सहा वर्षं ती तिथेच आहे, आणि ती तिथे आहे हे माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही.

तू घर सोडलंस त्या दिवशी आई तुला काय म्हणाली, ते मी ऐकलं होतं. "तुला चार पावलं चालायचा कंटाळा आला आणि एका बाईचं कुंकू गेलं." तू काहीच बोलला नाहीस. मी स्वयंपाकघरात होते. नळ चालू होता. तो बंद करून मला बाहेर येता आलं असतं. तुझी पिशवी उचलल्याचा आवाज येईपर्यंत मी एकच भांडं घासत राहिले.

नंतर लोकांना सांगताना "आमचं बोलणं नाही" असं म्हणायची मला सवय झाली. त्यात मी रागावलेली आहे असं ऐकणाऱ्याला वाटायचं.

अर्जाबद्दल पुन्हा लिहीत नाही. एक प्रत तुझ्याकडे आहे.


शुक्रवार, १३ मार्च

दादा,

तीन पत्रांत मी असं दाखवलं की सगळं तुझ्या सहीसाठी अडलं आहे. फेरचौकशीचा अर्ज तूच करू शकतोस, हे खरं आहे. पण माझा जबाब द्यायला मला कुणाची सही लागत नव्हती. ही गोष्ट मला पहिल्या पत्राआधीपासून माहीत होती.

सोमवारी जबाब दिला. चार पानं आहेत. सोबत कापडी नकाशा, नळीतली पट्टी, जमीन-नकाशाचं पत्रक आणि तुझी चिठ्ठी जोडली. चिठ्ठी तू पाठवलीस ती यासाठीच, असं मी धरलं. चुकलं असेल तर तसं सांग.

देण्याआधी काटकोनांना वाचायला दिला. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला, आणि जबाब बाजूला ठेवून पत्रक सात मागवलं.

"तपासणाऱ्याच्या चौकटीत सही कुणाची आहे, बघितलीस?"

"तुमची."

"मी मूळ प्रत उघडूनही बघितली नव्हती. तू काढलेलं होतं म्हणून." त्यांनी पत्रक गुंडाळायला घेतलं. "चार महिने थांबली असतीस तर? मी निवृत्त होतोय. मग हवी तेवढी सत्यवादी हो."

"नकाशे अठ्ठावीसला जातायत, सर."

"इतक्या वर्षांत या कार्यालयातून चुकीची कबुली बाहेर गेलेली नाही, माहीत आहे?"

"चुका गेल्या असतील."

"त्या जातातच. त्यांना जावक क्रमांक लागत नाही." मग त्यांनी जबाब माझ्याकडे सरकवला. "जा. माझ्या टेबलावरून नको. थेट देऊन ये."

मी थेट दिला. पोच घेतली. बुधवारपासून मला नकाशाच्या टेबलावर बसायची परवानगी नाही. जिन्याखालच्या खोलीत खुर्ची दिली आहे आणि काम दिलेलं नाही. चौकशीसाठी मला २३ मार्चला बोलावलं आहे.

आईला मंगळवारी सांगितलं. ती खिडकीपाशी बसली होती. मी तिच्या उजव्या बाजूला जाऊन हळू आवाजात सगळं सांगितलं. तिने हात कानाशी नेला. "काय? कुणी काढला नकाशा?" मी पुन्हा सांगितलं. "जरा मोठ्याने बोल की. एवढं काय चोरीचं आहे?" मग मी मोठ्याने सांगितलं. नकाशा मी काढला, चूक माझी होती, मला सहा वर्षं माहीत होतं, दादाला घालवलं तेव्हाही माहीत होतं. खिडकी उघडी होती. समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई हातातला कपडा तसाच धरून उभी राहिली.

आई त्यानंतर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. काल फक्त म्हणाली, "त्याला मी काय काय बोलले होते, ते तुला सगळं आठवतं का?" मी म्हटलं, आठवतं. ती म्हणाली, "मला नाही आठवत. लिहून दे." मी लिहून दिलं. तो कागद तिच्या उशाखाली आहे. तिने त्याचं काय करायचं ठरवलं आहे, मला माहीत नाही.

आता ज्यासाठी हे पत्र लिहिते आहे ते.

आज सकाळी गवईच्या बायकोकडे गेले. तिचं इस्त्रीचं दुकान आहे. आत एका माणसाला उभं राहता येईल एवढीच जागा, म्हणून मी पायरीवरून बोलले. मी कोण ते सांगितल्यावर तिने इस्त्री उभी केली.

"तो आला होता एकदा. तुझा भाऊ. मी दार उघडलं नव्हतं."

"मला माहीत नव्हतं."

"अर्धा तास उभा होता. मी आतून बघत होते. बोल, काय काम काढलंस?"

मी सांगितलं. आकडे सांगितले नाहीत, एवढंच सांगितलं की नकाशात एक किलोमीटर होता त्यापेक्षा लांब दाखवला होता, तो मी दाखवला, आणि पाटी त्या नकाशावरून लावली गेली. तिने मधे एकदाही थांबवलं नाही. एक शर्ट पूर्ण केला, घडी घातली, दुसरा घेतला.

"म्हणजे सहा वर्षं मी त्याला शिव्या घातल्या, त्या आता तुला घालायच्या?"

"हो."

"तोंड वर करून हो म्हणतेस?"

तिने शर्टाची कॉलर दाबली. मग अचानक म्हणाली, "पण तिथला किलोमीटर आखूड आहे, हे तर आमच्या घरीसुद्धा माहीत होतं. हे सांगायचे. तिथली गस्त असली की लवकर घरी यायचे. मग तुझ्या भावाला कुणी सांगितलंच नाही? पाच माणसं होती तिथे. पाचांतल्या एकानेही तोंड उघडलं नाही?"

मला उत्तर माहीत होतं. मुकादमांनी सांगितलं होतं, तिच्या नवऱ्याने त्यावर विनोदही केला होता, तू हसला होतास. हे सगळं माझ्या तोंडावर आलं होतं. मी म्हटलं, "हे माझ्या भावाला विचारावं लागेल."

"मग विचार. मी कुठे जात नाही."

माझ्या जबाबात मुकादमांच्या बोलण्याचा उल्लेख नाही. मी ते लपवलेलं नाही, पण तू त्यांना गप्प राहायला सांगितलं होतंस, आणि ते मोडायचं असेल तर तू मोडायला हवंस, असं मला वाटलं. तसं केल्याने सगळा दोष माझ्याकडे राहतो, हेही दिसतं आहे. सगळा माझा नाही. तुला एकाने सांगितलं होतं आणि तू चालून मोजलं नाहीस. तू माझ्या अक्षरावर विश्वास ठेवलास, हे कारण आहे, पण त्याने ते अंतर वाढत नाही. हे लिहायला मला जड गेलं. तरी तू हे स्वतःला माझ्याआधी सांगितलेलं असणार, असं चिठ्ठीच्या मागच्या दोन रेघांवरून वाटतं.

२३ तारखेला मला विचारलं जाईल की पर्यवेक्षकाला कुणी सावध केलं होतं का. मी खरं सांगणार आहे. त्यानंतर ते तिच्यापर्यंत कुणाच्या ना कुणाच्या तोंडून पोचेल. त्याआधी तिला ते आपल्या घरातल्या माणसाकडून कळायला हवं.

दुकान सकाळी आठला उघडतं. स्टेशन आता बंद आहे, त्यामुळे बसने ये. बस चौकापर्यंत येते, तिथून दुकान चौथं. घरी यायचं की नाही ते तू ठरव. मी तुझ्याकडून काहीच धरून चाललेली नाही. अर्जावर तुझी सही आता नको, कारण माझ्या जबाबावरून कार्यालयाने स्वतःहूनच फेरचौकशी सुरू केली आहे.

तू येऊन तिला स्वतः सांगणार आहेस, की मी सांगू, एवढंच मला शुक्रवार, २० मार्चपर्यंत कळव.